गाण्याच्या चालीत थांबा ठेवताना या चुका टाळा

'जागा घेण्या'चा सोस सगळ्यांना असतो, जागा सोडायला, म्हणजे मध्ये शांत थांबायला, कुणी तयार नसतं. ओळ संपली की बासरी, बासरी थांबली की सिंथचा पॅड (लांबवलेला सूर), खाली शेकर चालूच. मग अंतरा उठत नाही आणि बोलणी गायकाला बसतात. एकेक ट्रॅक म्यूट करून ऐका. गेलेला कळलाच नाही, तर तो कायमचा काढा.

सगळ्यात जास्त गफलत दमदार तिहाईत होते, म्हणजे एकच तुकडा मध्ये थांबे (दम) ठेवून तीनदा वाजवत समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतात तेव्हा. १६ मात्रांच्या तीनतालात ५ मात्रांचा तुकडा समेपासून धरला आणि मध्ये एकेक मात्रेचा दम ठेवला, तर ५+१+५+१+५ = १७, म्हणजे शेवटचा बोल पुढच्या समेवर. दम येतात ६ व्या आणि १२ व्या मात्रेवर. पहिला दम बहुतेक जण पाळतात. सम जवळ दिसू लागली की हात सुटतो, दुसरा दम खाल्ला जातो आणि तिहाई १६ व्या मात्रेवरच आपटते. ओळखायची खूण सोपी आहे: तिसरा तुकडा १३ व्या मात्रेच्या टाळीवरच उठला पाहिजे. हाताने टाळी देत पढंत करा, म्हणजे बोल तोंडाने म्हणा; दमाच्या मात्रेला मोठ्याने 'हं' म्हणा. दहा आवर्तनं नीट झाली की 'हं' मनात ठेवा, मात्रा मात्र तेवढीच राहू द्या.

तीनतालाच्या ठेक्यात १० ते १३ मात्रांना डग्ग्याची (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याची) गुंज नसते. खालीचा, म्हणजे तालात टाळी न देता मोजायच्या भागाचा, हलकेपणा त्यातून येतो. तिथंच बेस गिटार दणकत राहिली, तर खाली फक्त वहीत उरते.

शब्द तोडून थांबू नका. 'पंचगंगे… च्या काठी' असा प्रत्यय लोंबकळला की ऐकणारा अडखळतो. 'पंचगंगेच्या…' म्हणून मग थांबा, 'काठी' पुढच्या मात्रेवर येऊ द्या.

रेकॉर्डिंगमध्ये थांबा बुजवतो तो रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागे रेंगाळणारी घुमार. ८० च्या लयीत (मिनिटाला ८० मात्रा) दोन मात्रा म्हणजे दीड सेकंद. रिव्हर्बची शेपूट अडीच सेकंदांची असेल तर थांबा रिकामा होतच नाही. ती सेकंदाच्या आसपास आणा, किंवा ओळीच्या शेवटच्या शब्दावर सेंड (रिव्हर्बकडे जाणारा आवाज) खाली ओढा. याच्या उलट, ट्रॅक कापून अगदी शून्य केला तर वीज गेल्यासारखं वाटतं. पंखा बंद करून रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज घेऊन ठेवा, तो थांब्याखाली अंथरा आणि कापलेल्या टोकांना १०-२० मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळू चढ-उतार) द्या.

हलगीचं वेगळंच. मिरवणुकीत किंवा कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्तीला ती अखंड कडाडते, म्हणून गाण्यातही तिचा लूप पहिल्यापासून शेवटपर्यंत लावतात. खरं तर तिचा आवाज तुटक आणि कोरडा, त्यामुळे ती थांबली की लगेच जाणवतं. पण तिच्या साथीचं घुमकं घुमत राहिलं किंवा झांज झणझणत राहिली, तर ते वाया. तिन्ही एकाच मात्रेवर तोडा आणि झांज हाताने दाबा.