सोलापुरातून थेट हेगला? मानवी हक्कांच्या लढाईत या चुका टाळा

कोठडीत कुणाच्या तरी पोराचा जीव जातो, गटारात उतरलेला कामगार जिवंत वर येत नाही, संप केला म्हणून युनियनच्या माणसांना उचललं जातं. मग पूनम गेटसमोरच्या उपोषणाच्या मंडपात कुणीतरी हमखास म्हणतं, "इथं न्याय नाही मिळाला तर हेगला जाऊ." हेग म्हणजे नेदरलँड्समधलं आंतरराष्ट्रीय न्यायालयांचं शहर. त्या बोलण्यामागचा संताप खरा असतो. पण अशा कुटुंबांचे अर्ज लिहून देताना वारंवार दिसतं ते हे, की हेगचं बोलणं चालू असताना इथली मुदत निघून जाते आणि हाताशी असलेला पुरावा नाहीसा होतो. आंतरराष्ट्रीय कायदा आपल्या फार उपयोगाचा आहे. फक्त तो कुठून आपल्यापर्यंत पोहोचतो हे नीट ठाऊक हवं.

हेगला सुप्रीम कोर्टाच्या वरचं कोर्ट समजणं

सगळ्यात जास्त वेळ या गैरसमजात जातो. जिल्हा न्यायालय, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट आणि त्यावर हेग, अशी पायरी कुठेही नाही. सुप्रीम कोर्टाच्या निकालावर हेगमध्ये अपील होत नाही.

हेगमध्ये दोन वेगळी न्यायालयं आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयात फक्त देश पक्षकार होतात. कुलभूषण जाधव यांचं प्रकरण आठवा. २०१७ मध्ये तिथं गेला तो भारत देश, पाकिस्तानविरुद्ध, आणि मुद्दा होता कॉन्सुलर भेटीच्या, म्हणजे परदेशात कैदेत असलेल्याला आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू देण्याच्या, व्हिएन्ना कराराचा. जाधव कुटुंब तिथं पक्षकार नव्हतं, होऊही शकलं नसतं. रोहिंग्यांवरच्या अत्याचारांबद्दल २०१९ मध्ये म्यानमारविरुद्ध तिथं दावा लावला तो गांबियाने, तोही एक देश म्हणूनच.

दुसरं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. ते देशावर नाही, माणसांवर खटला चालवतं: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमणाचा गुन्हा. त्याचा पाया म्हणजे १९९८ चा रोम करार, आणि भारत त्याचा सदस्य नाही. त्यामुळे सोलापुरात घडलेल्या एखाद्या कोठडी मृत्यूची माहिती तिथल्या अभियोक्त्यांकडे कुणीही पाठवू शकत असलं, तरी ती पुढे सरकत नाही. सदस्यत्वाच्या तारखा किती महत्त्वाच्या असतात ते फिलिपिन्समध्ये दिसलं. तो देश २०१९ मध्ये करारातून बाहेर पडला, तरी सदस्य असतानाच्या काळातल्या हत्यांसाठी माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना ११ मार्च २०२५ रोजी अटक करून हेगला नेण्यात आलं. त्यामागे मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांनी आणि तिथल्या संघटनांनी वर्षानुवर्षं जपलेली कागदपत्रं होती. आपण घ्यायचं ते हे.

भारताने न उघडलेल्या दारावर धडका देणं

नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत १९७९ पासून सदस्य आहे. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा करार, बालहक्कांचा करार, अपंगांच्या हक्कांचा करार, हेही भारताने स्वीकारले आहेत. हे वाचून माणूस त्या त्या समितीकडे वैयक्तिक तक्रार पाठवतो. पण अशा तक्रारीसाठी देशाने वेगळी संमती द्यावी लागते, आणि ती भारताने यांपैकी एकाही समितीला दिलेली नाही. छळविरोधी करारावर तर १९९७ मध्ये सही झाली, अनुमोदन आजतागायत झालेलं नाही. कोठडीतल्या मारहाणीच्या प्रत्येक प्रकरणात ही उणीव बोचते, आणि तिच्याविषयी आपल्या खासदारांना विचारत राहिलं पाहिजे.

मग उघडं काय आहे? संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे स्पेशल रॅपोर्टर, आणि मनमानी अटकेवरचा कार्यगट. यांना लिहिण्यासाठी देशाची वेगळी संमती लागत नाही, देशातले सगळे उपाय संपलेले असण्याचीही अट नाही. छळ, गैरन्यायिक हत्या, पाणी व स्वच्छता, गुलामगिरीचे आधुनिक प्रकार अशा विषयांवर वेगवेगळे प्रतिवेदक आहेत. माहितीत तथ्य वाटलं तर ते सरकारला पत्र पाठवून उत्तर मागतात. साधारण ६० दिवसांनी ते पत्र, आणि आलं असेल तर सरकारचं उत्तर, सार्वजनिक होतं. हा निकाल नव्हे, कुणाला शिक्षाही होत नाही. पण सरकारकडून लेखी उत्तर मिळालं तर ते पुढे हायकोर्टात दाखवता येतं.

यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या आपल्या शहरात एका दाराचा फार कमी वापर होतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत संघटन स्वातंत्र्याची समिती १९५१ पासून काम करते. संघटना करण्याच्या आणि सामूहिक वाटाघाटीच्या हक्कांचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार भारताने स्वीकारलेले नसले, तरी युनियनच्या हक्कांवर घाला आल्याची तक्रार ही समिती ऐकते. तक्रार एकट्या कामगाराने नाही, संघटनेने करायची, शक्यतो आपल्या मध्यवर्ती महासंघामार्फत.

आणि एक. आपली पोरं आता जर्मनीत, फ्रान्समध्ये नोकरीला असतात. तिथल्या सरकारने हक्क मोडला तर भारतीय नागरिकालाही युरोपीय मानवी हक्क न्यायालयात जाता येतं. मात्र आधी त्या देशातले उपाय संपवावे लागतात आणि अंतिम निकालानंतर चार महिन्यांत अर्ज करावा लागतो.

पहिले कागद हातचे जाऊ देणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. जिनिव्हाला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेला, लिहा नाहीतर हायकोर्टात जा, प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न असतो, त्या दिवशी काय नोंदलं गेलं?

कोठडीत मृत्यू झाला, माणूस बेपत्ता झाला किंवा बलात्कार झाला, तर पोलिसांच्या तपासाखेरीज दंडाधिकाऱ्यांची स्वतंत्र चौकशी सक्तीची आहे. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६(१अ) मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. शक्य असेल तिथं नातेवाइकांना कळवून चौकशीला हजर राहू द्यावं, असंही कायदा सांगतो. घरचे रडत सिव्हिलच्या आवारात बसलेले असतात आणि हे त्यांना कुणी सांगत नाही. शेजारपाजारच्या एका शांत माणसाने एवढं केलं तरी पुरे: हजर राहू देण्याचा लेखी अर्ज द्यायचा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यायची, शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागायचं, पंचनाम्याची प्रत मागायची. कोठडीतल्या मृत्यूची खबर पोलीस-प्रशासनाने २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला द्यायची असते. ती गेली का, हेही लेखी विचारा. वाचून न दाखवलेल्या जबाबावर अंगठा देऊ नका. पूर्व भागातल्या कित्येक बायकांची बोली तेलुगू. त्यांचा मराठीत लिहिलेला जबाब त्यांना तेलुगूत समजावून सांगितला गेलाच पाहिजे.

गटारातल्या मृत्यूत वेगळी अडचण येते. कामावर कुणी लावलं हेच कागदावर नसतं. ठेकेदाराचा फोन, हजेरीची वही, मजुरीचं ऑनलाइन पेमेंट त्याच आठवड्यात गोळा करा. २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवली आहे, पण कामाचा संबंध दाखवता आला नाही तर तिच्यासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे पडतात.

मुदतीचं गणित मनात पक्कं करा. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ प्रमाणे घटनेपासून एक वर्ष उलटल्यावर आयोग तक्रारीची चौकशी करू शकत नाही.

व्हिडिओ ग्रुपवर टाकून मूळ फाइल पुसणं

व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला व्हिडिओ दाबला जातो, वेळ आणि जागेच्या नोंदी निघून जातात. ज्या मोबाइलवर चित्रण झालं तो जपून ठेवा, मूळ फाइलची न बदललेली प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि कुणी, कधी, कुठून काढलं ते लिहून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकाने काढलेला अंक-अक्षरांचा संच, हीही भरायची असते. पीडितेचा चेहरा दिसणारा व्हिडिओ ग्रुपवर अजिबात टाकू नका.

भाषण लिहिणं

"नराधम", "हुकूमशाही", "खाकीतले गुंड". असे शब्द असलेला अर्ज वाचणारा माणूस तिसऱ्या ओळीला थांबतो. संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा निनावी, शिवराळ, राजकीय हेतूची किंवा फक्त वर्तमानपत्री बातम्यांवर उभी असलेली तक्रार घेत नाही. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय केलं, कुणी पाहिलं, नंतर कुणाकडे दाद मागितली, एवढं दोन पानांत मांडा. जिनिव्हाला इंग्रजीत लिहावं लागतं. राष्ट्रीय आयोगाला मात्र मराठीत लिहिलं तरी चालतं, आणि दोन्हीकडे शुल्क शून्य. पीडिताची किंवा कुटुंबाची संमती घेतल्याशिवाय नाव बाहेर पाठवू नका. त्या नावाने पत्र सरकारकडे जाऊ शकतं, आणि त्याचे परिणाम त्या घराला सोसावे लागतात.

एकाच वेळी सगळीकडे अर्ज टाकणं

राज्य आयोगाकडे प्रकरण प्रलंबित असेल तर राष्ट्रीय आयोग त्याची चौकशी करत नाही. दोन्हीकडे अर्ज टाकून वर्ष वाया घालवू नका. एक निवडा आणि अर्जाला मिळालेला डायरी (नोंदणी) क्रमांक जपा.

ओळखपत्र विकणाऱ्यांवर भरवसा ठेवणं

"आंतरराष्ट्रीय मानवाधिकार" अशा नावाच्या, जिल्हाध्यक्षपद आणि लाल-निळं कार्ड देणाऱ्या खासगी संस्था गावोगावी आहेत. त्यांना चौकशीचा कसलाही अधिकार नाही, संयुक्त राष्ट्रांनी त्यांना नेमलेलं नाही. केस हेगला नेतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा आणि जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा.

याचिकेत करारांचा उल्लेख न करणं, किंवा फक्त करारांवरच ती उभी करणं

भारताने केलेला करार आपोआप इथला कायदा होत नाही. १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे सांगितलं. पण त्याच कोर्टाने १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा प्रकरणात कोठडी मृत्यूची भरपाई देताना नागरी व राजकीय हक्क कराराच्या नवव्या कलमाचा आधार घेतला, आणि १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात स्त्रियांविषयीच्या करारावरून कामाच्या ठिकाणच्या छळाचे नियम घालून दिले. म्हणून याचिकेचा कणा राज्यघटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, आणि दाद हायकोर्टाला अधिकार देणाऱ्या कलम २२६ खाली. त्यासोबत आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर सांगणारं कलम ५१, संबंधित कराराचं नेमकं कलम, आणि विशेष प्रतिवेदकांचं पत्र आलं असेल तर तेही परिशिष्ट म्हणून. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याच्या याचिका मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. गरीब कुटुंबाला मुंबईच्या तारखांना जाणं परवडत नव्हतं, हे कारण आता बरंच कमी झालं आहे. वकिलांना भेटायला जाताना पोच असलेल्या अर्जांच्या प्रती तारखेच्या क्रमाने लावून न्या.