शैक्षणिक साहित्य वापरलं, तरी मुलांना कळलं नाही? या चुका टाळा

तक्ता सुबक होता, व्हिडिओ मुलांनी मन लावून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घटकावर साधा प्रश्न विचारला तर वर्ग गप्प. अशा वेळी मुलांचं लक्ष नव्हतं असं म्हणून आपण मोकळे होतो. पण बऱ्याचदा गडबड आधीच झालेली असते: हे साहित्य मुलांची नेमकी कोणती अडचण सोडवणार, हे ठरवलेलंच नसतं. ते एका वाक्यात सांगता येत नसेल, तर त्या तासाला साहित्य कपाटातच राहू द्यावं.

चित्र स्वतःच चुकीचं शिकवतं

ही चूक सर्वात महागात पडते, कारण ती दिसत नाही. उन्हाळा का येतो, असं विचारून बघा. ‘तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ येते’ हे उत्तर हमखास येतं. त्यामागे तक्त्याचाही हात असतो. त्यात पृथ्वीची कक्षा चांगली लांबट अंडाकृती काढलेली असते, आणि मुलं त्यावरून सरळ निष्कर्ष काढतात. प्रत्यक्षात कक्षा जवळजवळ गोलच आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. सर्वात दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. म्हणजे उत्तर गोलार्धात थंडी असते तेव्हाच ती जवळ असते. ही तारीख मुलांना आधी सांगा आणि त्यांचं उत्तर त्यांनाच तपासू द्या.

मग खरं कारण, म्हणजे पृथ्वीच्या आसाचा कल, दाखवायला पृथ्वीगोल घ्या, खोली अंधारी करा आणि मधोमध दिवा ठेवा. दिव्याभोवती फिरताना आपणही वळतो आणि नकळत गोलाचा आस वळवतो. तसं केलं की सगळा प्रयोग फुकट जातो. आस साडेतेवीस अंश कललेला हवा आणि पूर्ण फेरीभर एकाच दिशेला हवा. त्या दिशेच्या भिंतीवर खडूने खूण केली की काम सोपं होतं.

भूमितीत हेच घडतं. प्रत्येक त्रिकोण आडव्या पायावर उभा काढला, तर टोक खाली असलेला त्रिकोण मुलांना ‘उलटा’ वाटतो, काहींना तर तो त्रिकोणच वाटत नाही. पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून हातात फिरवत दाखवा.

साहित्य एकीकडे, वही दुसरीकडे

५२ वजा २७. दशकदांडे (दहा-दहा मण्यांचे दांडे) आणि सुटे मणी दिले की मूल २५ हे उत्तर बरोबर काढतं, आणि वहीत मात्र ३५ लिहितं, कारण तिथे ते ७ मधून २ वजा करतं. दांड्यांशी केलेल्या कृतीचा वहीतल्या आकड्यांशी संबंधच जुळलेला नसतो. म्हणून एक दांडा मोडून दहा सुटे केले की तिथेच थांबा. ५ खोडून ४ लिहायला लावा, २ चे १२ करायला लावा, आणि मगच पुढे जा. काही दिवसांनी दांड्यांऐवजी वहीत रेघा, नंतर नुसते आकडे. साहित्य कधी काढून घ्यायचं हेही नियोजनात असायला हवं.

स्लाइडवरचं वाचून दाखवणं

स्लाइडवर परिच्छेद आणि शिक्षक तोच मोठ्याने वाचताहेत, हे टाळाच. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांच्या प्रयोगांत दिसलं की हलतं चित्र आणि बोललेलं स्पष्टीकरण असताना तेच शब्द पडद्यावरही टाकले, तर शिकणं कमी होतं. डोळे चित्र आणि मजकूर यांच्यात विभागले जातात. स्लाइडवर चित्र आणि मोजके शब्द ठेवा, बाकी बोला. ऐकायला अडचण असलेल्या किंवा ती भाषा नवी असलेल्या मुलांना मात्र लिखित शब्दांचा आधार द्यायलाच हवा.

व्हिडिओ सलग लावून देऊ नका. महत्त्वाच्या क्षणाआधी थांबवा, पुढे काय होईल ते वहीत लिहून घ्या, मग चालू करा.

एक गैरसमजही सोडून द्या. ‘वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के लक्षात राहतं’ हा तक्ता अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर फिरतो. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू (प्रत्यक्ष अनुभवापासून अमूर्त शब्दांपर्यंतचा क्रम दाखवणारी आकृती) मांडला, पण त्यात टक्के नव्हते. ते नंतर कुणीतरी चिकटवले.

ऐन वेळी अडलं तर

- पडद्यावर काहीच दिसत नाही: प्रोजेक्टरवर योग्य सोर्स निवडलाय का ते बघा. मग विंडोज की आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा.
- चित्र आहे, आवाज नाही: एचडीएमआय जोडल्यावर आवाज अनेकदा प्रोजेक्टरकडे जातो. ध्वनीच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपचा किंवा बाहेरचा स्पीकर निवडा.
- मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं: फाइल कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये आहे आणि तो या संगणकावर नाही. मजकूर यूनिकोडमध्येच टाइप करा. जुनी फाइल असेल तर ती घरूनच पीडीएफ करून आणा.
- मागच्या बाकावरून वाचता येत नाही: आदल्या दिवशी स्वतः तिथे बसून पाहा.
- व्हिडिओ अडकतो किंवा मध्येच जाहिरात येते: तो आधीच अधिकृतपणे ऑफलाइन घेऊन ठेवा.

दोन मिनिटांत सुरू झालं नाही तर खटपट सोडा, खडू घ्या. त्यासाठी मुख्य आकृती आदल्या दिवशी एकदा हाताने काढून पाहिलेली असू द्या.