लोकलच्या स्थानकांचा ज्ञान-नकाशा: साठवण आणि सिंक

मुंबई लोकलची स्थानकं, मार्ग आणि पादचारी पूल यांचा नकाशा पायथनच्या आरडीएफलिबमध्ये (माहिती ‘कर्ता-संबंध-कर्म’ अशा छोट्या विधानांत ठेवणारी लायब्ररी) ठेवायचा असेल, तर आधी ओळखी ठरवा. पश्चिम रेल्वेचं दादर ‘डीडीआर’, मध्य रेल्वेचं ‘डीआर’. दोन्हींना वेगळा आयआरआय (वेबपत्त्यासारखी एकमेव ओळख) द्या आणि पुलाने जोडा. दोन्हींचा एकच नोड (नकाशातला बिंदू) केलात, तर कुठला फलाट कुठल्या मार्गाचा हा गुंता नंतर सुटत नाही.

मेमरीतला ग्राफ (सगळ्या विधानांचा संच) प्रोग्राम थांबला की जातो. डिस्कवर टिकवायला बर्कलेडीबी स्टोअर (फाइलींत साठवणारा डेटाबेस) घ्या, पहिल्यांदा ‘क्रिएट’ ट्रू ठेवून उघडा आणि शेवटी क्लोज कराच.

सिंकसाठी, म्हणजे दोन मशीनवरचा नकाशा सारखा ठेवायला, डेटाबेसच्या फाइली कॉपी करू नका. ग्राफ एन-ट्रिपल्स या साध्या मजकूर-स्वरूपात काढा, ओळी सॉर्ट करा, गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) टाका. एका ओळीत एक विधान, त्यामुळे फरक लगेच दिसतो. खरी डोकेदुखी ब्लँक नोडची, म्हणजे आयआरआय न दिलेल्या नोडची: फाइल वाचताना त्यांना नवी नावं मिळतात आणि काही बदललं नसतानाही डिफ (फरकांची यादी) भरून येतो. म्हणून पुलालासुद्धा आयआरआय हवाच.

दुसऱ्या मशीनवर फाइल नुसती पार्स केली (वाचून ग्राफमध्ये घेतली), तर नवी विधानं मिसळतात, जुनी तशीच राहतात. पाडलेला पूल नकाशात उभाच दिसेल, आणि प्रवाशाला तिकडे पाठवणं बरं नाही. जुन्या ग्राफमधून नवा वजा करा, उरलेली विधानं रिमूव्ह करा, मगच नवी जोडा.