फ्लॅट स्पेलमध्ये गोव्याला सर्फिंगला निघालाय? फोरकास्ट बघताना या चुका टाळा

डिसेंबर ते मार्च हा गोव्याचा सीझन आणि नेमका तेव्हाच अरबी समुद्र वर्षातला सगळ्यात शांत असतो. पुण्या-मुंबईची मंडळी सुट्ट्या जुळवून आश्वे, मांद्रे, हरमल, मोरजीला पोचतात, लेसन बुक केलेला असतो, आणि समोर समुद्र तळ्यासारखा सपाट. अशा लाटा नसलेल्या दिवसांनाच फ्लॅट स्पेल म्हणतात. मग कुणी म्हणतं गोव्यात लाटाच नसतात, कुणी म्हणतं लाटांचा अंदाज देणारं अ‍ॅप फेकतं. खरं सांगायचं तर अ‍ॅप बहुतेक वेळा बरोबर असतं, आपण त्यातला चुकीचा आकडा वाचलेला असतो. हाडाचा फ्लॅट दिवस असतोच, नाही असं नाही, पण थंडीतल्या बऱ्याच दिवशी दोनेक तास छान सर्फ होतं आणि ते दोन तास कुठले हे आदल्या रात्रीच कळू शकतं.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: फक्त उंची बघणे

अ‍ॅप उघडलं की सगळ्यांचे डोळे मीटरवर जातात. 0.5 दिसलं की तोंड पडतं, 0.9 दिसलं की बॅग भरायला घेतात. पण त्या आकड्याच्या शेजारी सेकंदांत एक आकडा असतो, तो पिरियड, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला किती वेळ लागतो तो. फ्लॅट स्पेलमध्ये आधी तो बघा, उंची नंतर. लाटेतली ताकद ढोबळमानाने उंचीचा वर्ग गुणिले पिरियड अशी धरतात. आता 0.8 मीटर आणि 5 सेकंद घेतलं तर येतं 3.2, आणि 0.5 मीटर आणि 16 सेकंद घेतलं तर येतं 4. म्हणजे जो दिवस यादीत छोटा दिसत होता त्याच्यातच जास्त दम आहे. शिवाय लांब पिरियडची लाट उथळ पाण्यात आली की उभी राहते, वाढते, एका रेषेत येते, तर 5 सेकंदवाली नुसती खळबळ असते, ती बोर्डला ढकलतच नाही.

हा लांब पिरियडचा स्वेल, म्हणजे दूरच्या वाऱ्याने उठून आपल्यापर्यंत चालत आलेल्या लाटा, येतो कुठून, तर थेट दक्षिण हिंदी महासागरातून. तिकडे 40 अंश दक्षिणेच्या खाली वर्षभर वादळं फिरत असतात. 16 सेकंदांचा स्वेल खोल पाण्यात साधारण 24 नॉट्सने, म्हणजे ताशी 45 किलोमीटरच्या आसपास सरकतो, आणि तिथून गोवा सहा हजार किलोमीटर, म्हणजे साडेपाच-सहा दिवसांचा प्रवास. फायदा असा की आज तिकडे मोठं वादळ झालेलं दिसलं तर पुढच्या आठवड्यात आपल्याकडे काय येणार याचा अंदाज आजच लागतो. आधी सगळ्यात लांब पिरियडच्या लाटा पोचतात, 17-18 सेकंदांच्या, उंची अगदीच कमी, मग दिवसादिवसाने पिरियड उतरतो आणि उंची थोडी चढते. म्हणून चार्टवर 0.2 मीटर आणि 18 सेकंद असं काहीतरी दिसलं तर ते सोडून देऊ नका, पुढचे एक-दोन दिवस नीट बघा.

दुपारचा मोठा आकडा बघून दुपारची वेळ ठरवणे

ही चूक मी सतत बघतो आणि दर वेळी वाईट वाटतं कारण माणसं खरंच लांबून आलेली असतात. अ‍ॅपवर सकाळी 7 ला 0.6 मीटर आणि दुपारी 3 ला 0.9 मीटर दिसतं, साहजिकच माणूस म्हणतो सकाळी झोपू, जेवून जाऊ. पण दुपारचे ते वाढलेले 0.3 मीटर स्वेलचे नाहीतच, ते वाऱ्याने उठवलेल्या बारीक लाटांचे आहेत. बरीच अ‍ॅप्स वर जी उंची दाखवतात ती सगळ्या लाटांची मिळून असते, स्वेल अधिक वाऱ्याच्या लाटा. त्यावर टॅप करून स्वेल 1, स्वेल 2 आणि विंड वेव्हज असं वेगळं करून बघा, चित्र लगेच साफ होतं.

शाळेत भूगोलात शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे जसेच्या तसे उपयोगी पडतात. रात्री जमीन गार होते, पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, हा मतलई वारा लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो आणि तिला जरा जास्त वेळ उभी धरतो. जमीन तापली की साधारण 11-12 च्या पुढे वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि तासाभरात सगळं पाणी खडबडीत होऊन जातं. म्हणजे थंडीत गोव्यात सर्फिंग हा सकाळचा खेळ आहे, उजाडल्यापासून दहापर्यंत.

याला एक अपवाद आहे आणि तो कामाचा आहे. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत कोकण-गोव्यात अधूनमधून उष्णतेचा इशारा येतो. बऱ्याचदा त्यामागे कारण असतं की पूर्वेकडचे वारे जोरात असतात आणि ते खाऱ्या वाऱ्याला आत शिरू देत नाहीत. अंगाची लाही होते खरी, पण समुद्र मात्र दुपारी एकपर्यंतसुद्धा काचेसारखा राहू शकतो. अशा दिवशी थोडं उशिरापर्यंत पाण्यात राहता येतं, फक्त पाणी भरपूर प्या, अंगात लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टीशर्ट) असू द्या, नाक आणि कान सनस्क्रीनने झाका.

भरती-ओहोटी न बघणे

मोठा स्वेल असेल तर भरतीचं थोडं इकडेतिकडे चालून जातं, छोट्या स्वेलमध्ये तीच सगळं ठरवते. आश्वे-मांद्र्याचा किनारा फार सपाट आहे. पूर्ण ओहोटीला लाट लांब बाहेर फुटते आणि गुडघाभर पाण्यात नुसता फेस येतो, पूर्ण भरतीला ती बाहेर फुटतच नाही, एकदम काठावर येऊन आपटते. मधला काळ चांगला, त्यातही पाणी चढतं असताना. माझ्या मते फ्लॅट स्पेलमध्ये सकाळचा मतलई वारा आणि चढती भरती एकत्र येतात तेच दिवस धरावेत, बाकीच्या दिवशी अपेक्षा कमी ठेवावी.

भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते, म्हणजे आज जमलेली वेळ चार दिवसांनी जमणार नाही. आपल्या जुन्या लोकांचा हिशोब माहीत असेलच, तिथीला पाऊणने गुणा की मुंबई-कोकणच्या भरतीची वेळ ढोबळ कळते, अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. आठवडा निवडायला हा हिशोब मस्त आहे, पण नक्की वेळेसाठी मुरगावचं टाइड टेबल बघा. मुंबईचं टेबल गोव्याला लावू नका, मुंबईत उधाणाच्या दिवसात पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत वरखाली होतं, गोव्यात साधारण दोन मीटरच्या आसपास. आणि भांगाच्या दिवसात, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, पाण्याची हालचाल आणखी कमी असते, त्यामुळे चांगली वेळ जरा लांबते. नवशिक्यांना हे दिवस बरे.

दिशा सोडून देणे

गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. दक्षिण आणि दक्षिण-नैऋत्येकडून येणाऱ्या स्वेलच्या वाटेत मालदीव आणि लक्षद्वीप येतात, काही ताकद तिथेच अडते, जरा जास्त नैऋत्येकडून आलेला स्वेल मोकळा येतो. चार्टवर स्वेल कुठून येतोय ती दिशा अंशांत असते, उत्तर 0, दक्षिण 180, पश्चिम 270, म्हणून 190 अंश आणि 215 अंश यात फरक करायला शिका, उंची-पिरियड सारखे असले तरी.

थंडीत दुसराही एक स्वेल असतो, वायव्येकडचा. इराणच्या आखाताच्या बाजूला शमाल नावाचे वारे सुटतात, अरबस्तानच्या किनाऱ्याबाहेर समुद्र खवळतो आणि दोन-तीन दिवसांत त्या लाटा आपल्याकडे पोचतात. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी यावर बराच अभ्यास केलाय. पिरियड 6 ते 8 सेकंदांचा, म्हणजे दक्षिणेच्या स्वेलसारखा भारदस्त नाही, पण फ्लॅट स्पेल मोडायला पुरतो. चार्टवर 310-320 अंश आणि 7-8 सेकंद दिसलं की हरमलच्या अगदी उत्तर टोकाला खडकांच्या आडोशाला जाऊन बसू नका, ते डोंगराचं नाक वायव्येचाच स्वेल अडवतं. मोकळ्या सरळ किनाऱ्यावर या. उलट नैऋत्येच्या स्वेलला मोरजीच्या दक्षिण टोकावर शापोऱ्याच्या डोंगराची सावली पडते.

इथे आणखी एक लक्षात घ्या, अंदाज ज्यावरून काढतात त्या ग्लोबल मॉडेलचे, म्हणजे संगणकातल्या जगाच्या नकाशाचे, चौकोन बऱ्याचदा 25 किलोमीटरच्या घरातले असतात, म्हणजे मोरजी आणि हरमल त्याला जवळजवळ एकच. खडक, नदीचं मुख, वाळूचे पट्टे यातलं त्याला काहीच दिसत नाही. ते काम तुमचं किंवा तिथल्या सर्फ इन्स्ट्रक्टरचं. पावसाळ्यानंतर वाळू दरवर्षी नव्याने बसते, त्यामुळे गेल्या वर्षी जिथे चांगली लाट होती तिथे यंदा असेलच असं नाही, ओहोटीला किनाऱ्यावर चालत जाऊन लाट ज्यावर फुटते तो वाळूचा पट्टा कुठे आहे ते बघून ठेवणं सगळ्यात उत्तम.

काही बारीक गोष्टी ज्या पटकन बिघडवतात

वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आहे का ते बघा, असेल तर साडेपाच तास मिळवा, नाहीतर सकाळ समजून तुम्ही दुपारची ओळ वाचत बसाल. दहा दिवस पुढच्या वाऱ्यावर हॉटेल बुक करू नका, लांबचा स्वेल आठवडाभर आधी बऱ्यापैकी कळतो पण लोकल वाऱ्यावर भरवसा दोन-तीन दिवसांचाच.

आणि किनाऱ्यावर येऊन पाच मिनिटं बघून "फ्लॅट आहे" म्हणून परत जाऊ नका. लांब पिरियडचा स्वेल सेटमध्ये, म्हणजे काही लाटांच्या घोळक्याने, येतो, मधली शांतता दहा-पंधरा मिनिटांचीसुद्धा असते. वीस मिनिटं बसा, एखाद्या बांबूच्या किंवा होडीच्या रेषेत नजर लावा, पाणी कुठे फुगतं ते बघा, मग ठरवा.

पाण्यात गेल्यावर जमत नसेल तर

लाट खालून निघून जाते, बोर्ड पकडतच नाही: बहुतेक वेळा बोर्ड लहान असतो. फ्लॅट स्पेलमध्ये 9 फुटी सॉफ्टटॉप (वरून मऊ फोमचा बोर्ड) किंवा लाँगबोर्ड घ्या, फोटोत शॉर्टबोर्ड चांगला दिसतो म्हणून तो भाड्याने घेऊ नका. बोर्ड मोठा असूनही होत असेल तर चार बोटं पुढे सरका. बोर्डचं नाक पाण्याच्या जेमतेम वर असलं पाहिजे, हवेत उचललेलं असेल तर तुम्ही ब्रेक लावून पॅडल करताय, म्हणजे हातांनी पाणी मारताय. आणि पॅडल लवकर सुरू करा, कमजोर लाट तुमच्यासाठी थांबत नाही.

उभं राहिलं की लाट मरते: वजन मागच्या पायावर जातंय, किंवा पाणी जास्त चढलंय. पुढचा गुडघा वाकवा, छाती पुढे घ्या. तरी तेच होत असेल तर तासभर बाहेर बसा, पाणी उतरू द्या.

नाक घुसून उलटी पलटी: लाट काठावर आपटतेय, भरती पूर्ण झालीय. बाहेर या. कमी पाण्यात पडताना कधीही सूर मारू नका, आडवं पसरून पडा आणि डोक्यावर हात धरा, गुडघाभर पाण्यात वाळू दगडासारखी लागते.

दीड-दोन फुटांच्या लाटेतही नदीच्या मुखाशी ओढ असते, विशेषतः ओहोटी लागल्यावर, त्यामुळे शापोरा आणि तेरेखोलच्या मुखांपासून लांब राहा आणि लाल झेंडा असेल तर जीवरक्षकाशी वाद घालू नका. मोरजी-आश्वे-मांद्र्याला याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, कुंपण घातलेल्या जागेजवळ बोर्ड ठेवू नका, रात्री तिकडे टॉर्च मारू नका.

"फ्लॅट सीझन आहे, इशारे कशाला बघायचे" ही चूक

डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळ लक्षद्वीपवरून वर सरकलं तेव्हा ऐन शांत सीझनमध्ये गोव्याच्या शॅक्समध्ये पाणी शिरलं होतं. मे 2024 च्या सुरुवातीला तर आपल्याकडे वादळ नव्हतं, आकाश निरभ्र होतं, तरी दक्षिणेकडच्या लांब स्वेलमुळे हैदराबादच्या इन्कॉइसने (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) किनाऱ्यांना इशारा दिला होता. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा न सांगता येणारा समुद्र. इन्कॉइसच्या साइटवर समुद्राचा अंदाज आणि हाय वेव्ह, स्वेल सर्जचे अलर्ट फुकट मिळतात, सर्फ अ‍ॅपच्या आधी ते उघडायची सवय लावा. अलर्ट असेल त्या दिवशी नवशिक्यांनी पाण्यात जायचंच नाही, भले सकाळी समुद्र कितीही गरीब दिसू दे.

तारखा हातात असतील तर मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिल घ्या, दक्षिणेचा स्वेल जास्त वेळा पोचायला लागतो आणि गर्दीही कमी झालेली असते. मेच्या उत्तरार्धात पावसाळी समुद्र जागा व्हायला लागतो, तेव्हा शिकायला येऊ नका. आणि डिसेंबर-जानेवारीच नक्की असेल तर चार-पाच दिवसांची सलग सुट्टी काढा, लेसन पहिल्याच दिवशी न ठेवता इन्स्ट्रक्टरला सांगून ठेवा की ज्या सकाळी पिरियड 12 च्या वर असेल आणि पाणी चढतं असेल त्या दिवशी फोन करा, उरलेल्या दिवशी सपाट पाण्यात स्टँड-अप पॅडल (बोर्डवर उभं राहून वल्हवणं) करा, पॅडलिंगची ताकद तिथेच तयार होते.