बाळाची खोली स्वतः सजवताना : पहिल्यांदाच ब्रश हाती घेणाऱ्यांसाठी

बाळाच्या खोलीच्या सजावटीला हात घालण्यापूर्वी कॉट कुठे ठेवायची हे ठरवावे, कारण रंग, पडदे, चित्रे, फळ्या या साऱ्यांच्या जागा त्या एका निर्णयावर अवलंबून असतात. कॉट खिडकीपासून, पडद्यांच्या दोऱ्यांपासून, विजेच्या वायरींपासून आणि हीटर किंवा एसीच्या थेट झोतापासून दूर असावी. तिच्या वरच्या भिंतीवर काचेची चौकट, फळी किंवा घड्याळ अशी कोणतीही जड वस्तू टांगू नये. हे ठरले की सजावटीसाठी कोणती भिंत मोकळी आहे ते आपोआप कळते, आणि बहुतेक वेळा ती कॉटच्या समोरची भिंत असते.

दुसरी गोष्ट वेळेची. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था पहिले किमान 6 महिने बाळाने आईवडिलांच्या खोलीतच, पण स्वतंत्र अंथरुणावर झोपावे असे सुचवते. म्हणजे बाळ जन्मण्यापूर्वी खोली पूर्ण सजलेली असलीच पाहिजे असे मुळीच नाही, आणि नवख्या माणसासाठी हा फार मोठा दिलासा आहे. घासणे, रंग देणे, भोके पाडणे ही धुळीची आणि वासाची कामे मात्र काही आठवडे आधी संपवावीत. चित्रे, पडदे आणि फळ्या नंतर सावकाश लागल्या तरी चालतात. रंग पाण्यात मिसळणारा आणि कमी व्हीओसीचा, म्हणजे हवेत कमी रसायने सोडणारा घ्यावा आणि काम संपल्यावरही खिडक्या उघड्या ठेवून खोलीत वारा खेळू द्यावा. घर जुने असेल आणि रंगाचे पोपडे निघत असतील तर ते कोरडे घासू नयेत. कित्येक दशकांपूर्वीच्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ गर्भवती स्त्री व बाळ दोघांनाही घातक असते. अशा भिंतीची तपासणी करून ते काम जाणकाराकडे सोपवणेच योग्य.

रंगकामात निम्मे यश भिंतीच्या तयारीत असते. ओल असेल तर आधी तिचे कारण शोधून ते दूर करावे, कारण ओलीवर दिलेला रंग फुगून सुटतो. भेगा आणि खिळ्यांची भोके पुट्टीने भरावीत, ती पूर्ण वाळू द्यावी, मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने आणि शेवटी 220 नंबरच्या बारीक पेपरने हलक्या हाताने घासून भिंत ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. पुट्टी लावलेल्या जागेवर प्रायमरचा एक हात द्यायला विसरू नये. तो नसेल तर पुट्टी रंग शोषून घेते आणि वाळल्यावर तेवढे ठिपके निस्तेज दिसतात.

किती रंग लागेल याचा हिशोब अवघड नाही. 3 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोलीच्या चारही भिंती मिळून 30 चौरस मीटर होतात. दार आणि खिडकीचे सुमारे 4 वजा केले तर 26 उरतात, आणि दोन हातांसाठी 52 चौरस मीटर धरावे लागतात. एका लिटरमध्ये साधारण 10 चौरस मीटरचा एक हात होतो असे धरले तर सव्वापाच लिटरच्या आसपास रंग लागेल. नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो, तो पाहावा. आधी ब्रशने कडा आणि कोपरे रंगवावेत, आणि तो रंग ओला असतानाच रोलरने मधला भाग भरावा, म्हणजे सांध्याची रेघ दिसत नाही. रोलर भिंतीवर दाबू नये. रंग कमी पडला की आपण नकळत दाबतो आणि मग पट्टे उमटतात.

एका भिंतीवर काही वेगळे करायचे असेल तर चित्रे काढण्याच्या भानगडीत न पडता दोन रंगांची भिंत करावी असे मी आग्रहाने सांगेन : खाली सुमारे एक मीटरपर्यंत गडद, वर फिका. रेघ सरळ आली की नवख्या हाताचे कामही देखणे दिसते, आणि मूल मोठे झाले तरी ती भिंत बालिश वाटत नाही. आधी संपूर्ण भिंतीला फिका रंग देऊन तो नीट वाळू द्यावा. पाणसळ, म्हणजे रेघ आडवी सरळ आहे का ते दाखवणारे साधन, धरून पेन्सिलीने पुसट रेघ आखावी आणि तिच्या वरच्या बाजूला मास्किंग टेप अंगठ्याने घट्ट दाबत चिकटवावी. आता लगेच गडद रंग लावू नये. टेपच्या खालच्या कडेवरून तोच फिका रंग पुन्हा एकदा पातळसा फिरवावा. टेपखाली जो रंग झिरपायचा तो फिकाच झिरपतो, फटी बुजतात आणि वाळल्यावर दिलेला गडद रंग आत शिरू शकत नाही. गडद रंगाचा दुसरा हात किंचित ओला असतानाच टेप सावकाश, तिरकी ओढत काढावी. खालच्या पट्ट्यासाठी पुसता येणारा, किंचित चमक असलेला रंग निवडावा. पुढे बाळाचे हात नेमके तिथेच लागणार असतात.

नवजात बाळाला 20 ते 30 सेंटिमीटरवरचेच स्पष्ट दिसते आणि त्याला ठळक फरक, विशेषतः काळे-पांढरे आकार, अधिक लवकर कळतात. त्यामुळे भिंतीचा रंग खरे तर मोठ्यांच्या डोळ्यांना सुखावणारा असला तरी पुरे. बाळासाठी कॉटच्या वर टांगायचे चिमणाळे करावे. हलक्या लाकडी रिंगला जाड कापडाचे काळे-पांढरे आकार टांगले की झाले, मात्र आकारांची रुंद बाजू खालून दिसली पाहिजे, कारण बाळ ते खालून पाहते. ते बाळाच्या हाताला लागणार नाही इतके उंच आणि पक्के बांधावे, आणि बाळ हातापायांवर उठू लागले किंवा पाच महिन्यांचे झाले की काढून टाकावे. कॉटच्या जागी जमिनीवर उताणे पडून एकदा छताकडे पाहावे. बल्ब थेट डोळ्यांत येत असेल तर त्याची जागा बदलावी किंवा त्यावर शेड लावावी. रात्रीच्या दुधासाठी आणि लंगोट बदलण्यासाठी 2700 केल्विनचा, मंद करता येणारा पिवळसर दिवा सोयीचा पडतो.

सजावटीची हौस कॉटच्या कठड्यापाशी थांबावी, यावर मी ठाम आहे. आत घट्ट, सपाट गादी आणि ताणून बसवलेली चादर एवढेच असावे; उशा, बंपर म्हणजे कठड्याला आतून बांधायच्या मऊ पट्ट्या, गोधड्या, मऊ खेळणी यांपैकी काहीही नको, कारण त्यांत तोंड दबून बाळाचा श्वास कोंडू शकतो. कठड्याच्या पट्ट्यांमधील अंतर 6 सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे आणि गादीच्या कडेला दोन बोटांपेक्षा मोठी फट राहू नये. जुनी कॉट रंगवून वापरण्याचा मोह होतो, पण सैल सांधे, हरवलेले स्क्रू किंवा सरकता कठडा असेल तर ती घेऊच नये.

खणांचे कपाट आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला जखडणे हे पहिल्यांदाच ड्रिल हाती घेणाऱ्याला धडकी भरवणारे, पण टाळता न येणारे काम आहे. मूल उघडे खण पायरीसारखे वापरते आणि कपाट त्याच्या अंगावर येते. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीसाठी ड्रिलला प्लगच्या, म्हणजे भोकात बसून स्क्रू पकडून ठेवणाऱ्या नळीच्या, मापाचे बिट लावावे, प्लगच्या लांबीवर बिटाला टेपचा तुकडा गुंडाळावा म्हणजे भोक किती खोल गेले ते कळते, आणि भोकातील भुकटी काढूनच प्लग ठोकावा. विजेच्या बटणाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नये, वायरी बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. भिंत पोकळ जिप्समची असेल तर स्क्रू आतल्या लाकडी किंवा धातूच्या सांगाड्यातच बसवावा.

पडदे जाड आणि बिनदोरीचे असावेत. खोलीत येणाऱ्या प्रत्येक शोभेच्या वस्तूचे सुटे भाग टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जातात का ते पाहावे. जात असतील तर ती वस्तू लहान मुलाच्या घशात अडकू शकते. बटणासारख्या सेलवर चालणारे दिवे सेलचे झाकण स्क्रूने बंद होत असेल तरच घ्यावेत.

उरलेला रंग छोट्या बरणीत घट्ट बंद करून तिच्यावर रंगाचा क्रमांक, खोली आणि तारीख लिहून ठेवावी. वर्षभराने खालच्या पट्ट्यावर ओरखडे पडतील तेव्हा तोच रंग हाताशी असेल.