ड्रायरच्या मोटरीला ग्रीस द्या, पण मोजून

धान्याचा ड्रायर वर्षातले काही आठवडे रात्रंदिवस चालतो आणि बाकीचे महिने शेडमध्ये उभा असतो. मोटरी बिघडतात त्या बऱ्याचदा या उभं राहण्याने: दमट हवा आत शिरते, बेअरिंग गंजतं, उंदीर वायरी कुरतडतात. त्यामुळे देखभालीची खरी वेळ म्हणजे शेवटची खेप उतरल्यानंतरचे दिवस. पुढचं पीक कापणीला आल्यावर फक्त तपासणी उरली पाहिजे.

हात घालण्याआधी मेन स्विच पाडा, त्याला कुलूप लावा आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवा. ऑटोवर असलेला ऑगर (धान्य पुढे ढकलणारा स्क्रू) कोणी बटण न दाबताही सुरू होतो. गॅसचा व्हॉल्व्हही बंद करा.

आधी सफाई. जाळ्यांच्या छिद्रांत अडकलेला कोंडा, तळाशी साचलेलं तूस, ऑगरच्या टोकाला राहिलेलं मूठभर धान्य, सगळं काढा. त्यावर उंदीर-किडे पोसतात, आणि बर्नरजवळचा सुका कोंडा पेटायला ठिणगीही पुरते. मोटरीच्या पंख्याची जाळी आणि अंगावरच्या धातूच्या पट्ट्यांमधली धूळ ब्रशने झाडा. हवा खेळली नाही तर चांगली मोटरही तापते.

आता ग्रीस. आधी मोटरीला निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, आहे का ते बघा. नसेल, तर बहुधा आतलं बेअरिंग सीलबंद आहे; त्याला बाहेरून काही द्यायचं नसतं, आवाज करू लागलं की बदलायचं. फार जुन्या मोटरीवर तेलाची वाटी असते, तिच्यात थेंबांच्या हिशोबाने हलकं मशीन तेल पुरतं.

निपल असेल तिथेच जास्त घोटाळा होतो. ट्रॅक्टरच्या सांध्यांना ताजं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत गन मारायची सवय हाताला असते, तीच मोटरीवर चालते. पण मोटरीत जादा ग्रीसला सहज वाट नसते. ते बेअरिंगमध्ये घुसळून तापतं, सील ओलांडतं आणि वाइंडिंगवर (मोटरीतल्या तारेच्या गुंडाळीवर) जाऊन बसतं. मग 'ग्रीस वेळेवर दिलं तरी मोटर जळाली' अशी तक्रार होते. माझ्या मते दोन पंप कमी पडलेले परवडतात, दहा जास्त झालेले नाहीत.

किती द्यायचं ते मोटरीच्या पुस्तिकेत असतं. ती हरवली असेल तर बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, दोन्हींचा गुणाकार करा आणि त्याला ०.००५ ने गुणा. उत्तर ग्रॅममध्ये येतं. ६३०६ नंबरच्या बेअरिंगचा व्यास ७२ आणि रुंदी १९, म्हणजे साधारण ७ ग्रॅम. आपली गन एका दाबात किती देते हे कळायला कागदावर १० दाब मारून वजन करा.

निपल फडक्याने स्वच्छ पुसा, नाहीतर वरची धूळच आधी आत जाईल. खालचा निचऱ्याचा बूच काढा, हातगनने सावकाश ग्रीस द्या. संरक्षक जाळ्या जागेवर बसवून मोटर १० ते २० मिनिटं चालवा, जादा ग्रीस बाहेर आलं की बंद करून बूच लावा. ग्रीस दिल्यावर बेअरिंग थोडा वेळ कोमट लागतं, त्याची काळजी नको. तापत राहिलं तर मात्र जास्त झालंय.

ग्रीस कोणतं? मोटरींना बरेचदा पॉलियुरियाचं असतं, ट्रॅक्टरला आपण वापरतो ते बहुधा लिथियमचं. काही जाती एकमेकांत मिसळल्या की पातळ होऊन वाहून जातात, आणि रंगावरून जात ओळखता येत नाही. मोटरीसाठी वेगळी गन ठेवा, तिच्यावर ठळक नाव लिहा.

बंद काळात पट्टे सैल करा आणि महिन्यातून एकदा मोटरीचा शाफ्ट हाताने फिरवा, म्हणजे बेअरिंगमधल्या गोळ्या एकाच जागी बसून खड्डे पाडत नाहीत. मोटर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. वरून ताडपत्री पुरे, खालून हवा राहू द्या.

हंगामाच्या दोन-तीन आठवडे आधी इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) वाइंडिंग तपासून घ्या. मोटरीचा वेग बदलणारा ड्राइव्ह असेल तर त्याच्या वायरी आधी सोडवायला सांगा. वाचन १ मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर चालू करू नका, आधी सुकवून घ्या. पट्टा दोन पुलींच्या मध्यावर दाबल्यावर एक मीटर अंतराला साधारण १६ मिलिमीटर दबावा. जास्त ताणलेला पट्टा बेअरिंगलाच खातो. जोडीतला एक गेला तरी सगळे एकदम बदला.

फेज उलटे जोडले गेले असतील तर ब्लोअर उलटा फिरतो, पण हवा त्याच बाजूने येत राहते, फक्त बरीच कमी. म्हणून हाताला वारा लागतोय यावर न जाता फिरण्याची दिशा आणि बाण जुळवा. ओव्हरलोड रिले (मोटर जादा करंट घेऊ लागली की ती बंद करणारा) मोटरीच्या पाटीवरच्या अँपिअरलाच लावलेला हवा. सारखा ट्रिप होतो म्हणून वाढवून ठेवलेला रिले मोटर वाचवत नाही.

बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतात, ते काढा आणि गॅसच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. तापमापक दुसऱ्या खात्रीच्या तापमापकाशी ताडून घ्या, विशेषतः बियाणं वाळवणार असाल तर: तिथे हवा ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेली की उगवण मार खाते, आणि ते दाण्याकडे बघून समजत नाही.