चकतीला सुई टोचलेला प्रयोग वाचताना

मणक्यांमधल्या चकतीवरच्या प्रयोगांत प्राण्याच्या चकतीला सुई टोचतात, कधी ती मुद्दाम बिघडवायला, कधी आत औषध सोडायला. असा शोधनिबंध हाती आला की मी निष्कर्षाकडे जात नाही. आधी 'साहित्य आणि पद्धती' उघडते, सुईचा गेज (जाडीचा क्रमांक) आणि प्राणी शोधते आणि वहीत शेजारीशेजारी दोन रेघा मारते: एक चकतीच्या उंचीची, दुसरी सुईच्या जाडीची. तुम्हीही इथूनच सुरुवात करा. गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक, हे लक्षात असू द्या.

उंदराच्या शेपटीतली चकती जेमतेम १ मिमी उंच असते. २१ गेजची सुई साधारण ०.८ मिमी जाड. म्हणजे जवळजवळ सगळी उंची सुईनेच व्यापली! माणसाच्या कमरेच्या चकतीची उंची १० मिमीच्या आसपास, तिथे तीच सुई ८ टक्के भरते. संशोधक डॉन एलियट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आधीचे प्रयोग ताडून पाहिले, तेव्हा सुईची जाडी आणि चकतीची उंची यांचं हे प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली असताना चकतीत लक्षणीय बदल दिसले नव्हते.

मात्र ४० टक्क्यांच्या खाली सगळं सुरक्षित, असं धरू नका. सुई किती खोल गेली, आत फिरवली का, तेही पाहा. चकतीच्या मऊ गाभ्यात पाणी दाबाखाली धरलेलं असतं. भोक पडलं की तो दाब उतरतो, बाहेरच्या कड्याचे तंतूही तुटतात. २००९ मध्ये मणक्याचे शल्यचिकित्सक युजीन कॅरागी यांच्या गटाने तपासणीसाठी बारीक सुई टोचलेल्या माणसांचा बऱ्याच वर्षांनी पुन्हा एमआरआय केला, तर त्यांच्या चकत्यांची झीज न टोचलेल्यांपेक्षा जास्त निघाली. माझ्या मते हा निबंध प्रत्येकाने वाचायलाच हवा.

आता तुलनेचे गट. औषध टोचलेल्या चकतीसमोर नुसती सुई टोचलेली चकती हवी, आणि अजिबात न टोचलेलीही. सलाइन टोचलेल्या चकतीला 'निरोगी' म्हटलेलं दिसलं की मी तिथेच थांबते, कारण सुई तिलाही लागलेली असते. सॅफ्रॅनिन-ओ या लाल रंगद्रव्याने रंगवलेली चकतीच्या कापाची काचपट्टी नीट न्याहाळा: निरोगी गाभा लालभडक दिसतो, बिघडलेल्यात तो लाल रंग फिका पडतो.

प्राण्याची जातही सोडू नका. उंदराच्या गाभ्यात नोटोकॉर्डच्या (गर्भात कण्याच्या आधी बनणाऱ्या दांड्याच्या) पेशी मोठेपणीही टिकतात, प्रौढ माणसात त्या जवळपास उरत नाहीत. म्हणून उंदराची चकती औषधाने सावरली, एवढ्यावर कुठल्याही रुग्णाला आशा दाखवू नका.